पावशा फाल्गुनातच ओरडला

प्रश्न : सर, मी खानापुरात नोकरीला आहे. पाच वर्षं झाली, दर रविवारी दुर्बीण घेऊन जांबोटीच्या रस्त्याला लागतो. यंदा फेब्रुवारीत पहाटे धुकं, दुपारी चटका आणि मार्च उजाडला तोच गारांसकट पाऊस. मोबाइल कोरडं हवामान दाखवत होता, मी दुर्बिणीसकट भिजलो. काटेसावरीची फुलं चिखलात, मैना-कोतवाल गायब. दुसऱ्या दिवशी पावशाचं 'पेरते व्हा' सुरू! आई म्हणाली, "खुळं झालंय की काय ते पाखरू." मला मात्र सगळंच बिघडलंय असं वाटतंय. वहीत तारीख लिहायलाही हात जाईना. काय करू?
— एक पक्षीवेडा, खानापूर

उत्तर : आधी पावशाचं बघू. त्याला आपल्या पेरणीशी काही देणंघेणं नाही हो. ते शब्द आपण त्याच्या तोंडी घातलेत. नर आपली हद्द सांगत असतो, मादीला बोलावत असतो. मादी अंडी घालते सातभाईंच्या घरट्यात, त्यामुळे त्याची सगळी गडबड सातभाईंच्या संसारावर अवलंबून. तो उन्हाळाभर ओरडतो. आपले कान मृगाच्या तोंडावर टवकारतात, कारण तेव्हा घरात बियाण्याची बोलणी चाललेली असतात. आईंना सांगा, पाखरू शहाणं आहे.

पाहुण्या पक्ष्यांचीही फार काळजी नको. करडा धोबी हिमालयाकडे, भोरड्या मध्य आशियाकडे परततात, त्या मुख्यतः वाढत्या दिवसाच्या आणि अंगातल्या घड्याळाच्या हिशेबाने. आपल्याकडच्या एका सरीने फार तर निघणं थोडं पुढेमागे होतं. इथे राहणाऱ्यांचं मात्र तसं नाही. त्यांना पाऊस आणि किडे बघून जुळवून घ्यावं लागतं. तुमचे कोतवाल बहुतेक वाळवीच्या पंखवाल्या किड्यांमागे गेले असतील. पहिल्या सरीनंतर वारुळातून ते धुरासारखे निघतात, तेव्हा सावरीच्या मधाकडे कोण बघतो?

नुकसान होत नाही असं मी म्हणणार नाही. बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत एका मार्चमध्ये शिंजिराचं घरटं बघत होतो. कोळ्याचं जाळं, सालींचे तुकडे, वाळकी पानं यांची ती लोंबती पिशवी आणि दारावर छोटी पडवी. आपल्या जुन्या घरांना असते ना, तशीच. संध्याकाळी तासभर पाऊस झोडपून गेला. सकाळी पडवी शाबूत होती, पण खालची बाजू उसवून एक अंडं जमिनीवर. मादी दोनदा आली, बसली, गेली. पुढल्या फांदीवर तांबट मात्र निवांत. त्यानं बीळ कोरलं होतं कलत्या फांदीच्या पोटाला, पाणी शिरणार कुठून? त्याचा भुसा माझ्या खांद्यावर पडत होता आणि मी त्या एका अंड्यासाठी दिवसभर कुणाशी धड बोललो नाही. तेव्हा तुमची अस्वस्थता मला कळते. ती घालवायचा उपाय माझ्याकडे नाही.

वहीचं तेवढं ऐका. त्या शिंजिरानंतर मीही वही कपाटात फेकली होती. आज त्या वर्षी हळद्या कधीपर्यंत दिसला, पळस कधी फुलला, असं कुणी विचारलं तर समोर कोरी पानं. 'सगळं बिघडलंय' म्हणायलाही जुन्या तारखा लागतात. यंदाची गार, गळलेली सावर, ओरडलेला पावशा, सगळं लिहा. काही दिसलं नाही तर 'दोन तास, काही नाही' असं लिहा. तीही नोंदच. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकत असाल तर तिथेही पाहिलेल्या सगळ्या पक्ष्यांची पूर्ण यादी द्या, नुसती नवलाई नको.

आणि दुर्बीण. भिंगांना आतून वाफ धरली असेल तर गडबडीने उन्हात ठेवू नका, पुसायला उघडूही नका. नव्या बुटांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या येतात, त्या चारसहा गोळा करून दुर्बिणीसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन दिवस ठेवा. तोवर रविवारी नुसत्या कानांनी जाऊन या.