इंग्लंडमधली जुनी खेडी शेकडो वर्षं जशीच्या तशी कशी राहिली? ती खरी आहेत की पर्यटकांसाठी सजवलेली?

थोडी खरी, थोडी सजवलेली. पण सगळ्या इंग्लंडबद्दल सरसकट बोललो तर उत्तर गुळमुळीत होईल. त्यापेक्षा मला चांगलं माहीत असलेलं एकच गाव घेतो : विल्टशायर परगण्यातलं लेकॉक. मी स्विंडनला राहतो, तिथून हे गाव गाडीने पाऊण तासाच्या आत. भारतातून कोणीही आलं की त्यांना तिथे घेऊन जाणं आमच्याकडे ठरलेलंच आहे. लाकडी चौकटींची कललेली घरं, दगडी फरशांच्या वजनाने मधोमध बसलेली छपरं, वर एकही वीजतार नाही की टीव्हीचा अँटेना नाही. जुन्या इंग्लिश खेड्यांच्या व्हिडिओत दिसतं ते बहुतेक असंच काहीतरी असतं.

हे गाव टिकलं याचं माझ्या मते मोठं कारण एकच : ते गावकऱ्यांच्या मालकीचं जवळजवळ कधी नव्हतंच. घर पाडायचं की डागडुजी करायची, हे सातशे वर्षं एकाच ठिकाणी ठरत आलं. आधी जोगिणींचा मठ मालक होता, मग एक जमीनदार घराणं, आणि १९४४ पासून नॅशनल ट्रस्ट ही जुन्या वास्तू जपणारी संस्था. गावात राहणारे पिढ्यान्‌पिढ्या कुळंच राहिले. वारसा जपला वगैरे आपण कौतुकाने म्हणतो, पण त्यातला बराचसा हिशेब भाडेवहीतला आहे.

सुरुवात मठापासून करावी लागते. गाव त्याही आधीचं, १०८६ च्या डूम्सडे या जमीन-मालमत्तेच्या पाहणीत त्याची नोंद आहे. पण त्याला आजचा आकार आला तो एलामुळे. एला ही सॉल्सबरीची काउंटेस, म्हणजे जहागीर तिची स्वतःची, नवऱ्याकडून आलेली नव्हे. उलट नवऱ्यालाच ती तिच्यामुळे मिळाली. तो विल्यम लाँगस्पे, राजा दुसरा हेन्री याचा अनौरस मुलगा. १२२६ मध्ये तो वारला. एलाने दुसरं लग्न केलं नाही, विल्टशायरच्या शेरीफपदाचा, म्हणजे परगण्यातल्या राजाच्या मुख्य अधिकाऱ्याचा कारभार स्वतः हाकला, आणि १६ एप्रिल १२३२ रोजी एकाच दिवसात दोन मठांच्या पायाभरण्या उरकल्या. लेकॉकला स्त्रियांचा आणि हिंटनला पुरुषांचा. पुढे ती स्वतः लेकॉकच्या मठात दाखल झाली आणि तिथली मुख्य झाली. तेराव्या शतकातल्या बाईचा हा उरक वाचून मला अजूनही गंमत वाटते.

मठाला बाजार भरवायची सनद मिळाली. लेकॉकचा मुख्य रस्ता एवढ्याशा गावाच्या मानाने बराच रुंद आहे, तो त्या बाजारासाठीच. आसपासच्या टेकड्यांवर मेंढ्या, त्यामुळे पैसा लोकरीचा. चार रस्त्यांचा एक चौकोन म्हणजे सगळं गाव. पूर्वेकडच्या रस्त्यावर चौदाव्या शतकातलं मोठं कोठार आजही उभं आहे. कुळांकडून येणारा खंड आणि दशमांश, म्हणजे धान्य, कातडी, लोकर, तिथे साठवत. कोठाराला खेटून एक घुमटीवजा बिनखिडकीची कोठडी आहे, ती खूप नंतरची, अठराव्या शतकातली. दारू पिऊन दंगा करणाऱ्याला रात्रभर तिथे कोंडायचे. मुलांना मठापेक्षा ही कोठडीच जास्त आवडते.

घरांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तुमचा प्रश्न मुळात घरांबद्दलच आहे. चर्चच्या रस्त्यावर एक घर आहे, त्याच्या बाजूच्या भिंतीत लाकडाची प्रचंड कमान दिसते. पद्धत अशी की मुळातच वाक असलेलं ओकचं झाड शोधायचं, ते उभं चिरून दोन फाळ्या करायच्या, त्या समोरासमोर उभ्या करून वर जोडायच्या. सगळ्या छपराचा भार त्या जोडीवर. भिंती नुसत्या भरावाच्या. हे घरही चौदाव्या शतकातलं. म्हणजे घरं खरी आहेत, नाटकाचा पडदा नव्हे. जॉर्ज नावाच्या पबमध्ये चुलीशेजारी एक लाकडी चाक आहे. त्यात कुत्रं पळवायचे आणि त्यावर विस्तवावरचा मांसाचा गज फिरत राहायचा. अशा कामासाठी आखूड पायांची कुत्र्यांची एक वेगळी जात होती. चाकं बंद झाली तशी ती जातही संपली.

आठव्या हेन्रीने मठ बुडवले तेव्हा लेकॉकचाही नंबर लागला, १५३९ मध्ये. विकत घेणारा विल्यम शॅरिंग्टन. याने मठातलं चर्च पाडलं पण भोवतालच्या ओवऱ्या, खोल्या तशाच ठेवून वर राहायचं घर केलं. इंग्लंडमध्ये मठांचे अवशेष म्हणजे बहुधा पडक्या भिंती. इथे मात्र खालचा मजला जोगिणींचा आणि वरचा जमीनदारांचा. हा गृहस्थ ब्रिस्टलच्या टांकसाळीचा अधिकारी होता आणि तिथे नाण्यांत भेसळ करून, हिशेब फिरवून त्याने पैसा केला. १५४९ मध्ये पकडला गेला. ज्या बड्या असामीसाठी हे चाललं होतं त्या टॉमस सीमोरचं मुंडकं उडालं, शॅरिंग्टन मात्र सगळं कबूल करून सुटला. भरपूर रक्कम मोजून इस्टेट परत घेतली, आणि पुढे परगण्याचा शेरीफही झाला! त्याच्या पुतणीच्या लग्नामुळे इस्टेट टॅलबट घराण्यात गेली, ती पुढे तिथेच राहिली.

नंतर लोकरीचा धंदा ओसरला. माग घराघरातून गिरण्यांत गेले, गिरण्या ट्रोब्रिजसारख्या गावांत वाढल्या. लेकॉकला नवीन घरं बांधायला पैसा नव्हता आणि कारणही नव्हतं. एकोणिसाव्या शतकात इतर गावांत लाल विटांच्या चाळी उठल्या तेव्हा इथे जुन्याच छपराखाली लोक दाटीवाटीने राहत होते. आज जे देखणं वाटतं ते त्या काळी निव्वळ दारिद्र्य होतं, हे गाईड लोक जरा भरभर सांगून पुढे जातात.

आता ज्यासाठी मी स्वतः लेकॉकला वारंवार जातो ते, म्हणजे फोटोग्राफी. मठाचं केलेल्या त्याच घरात विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट राहायचा (१८०० ते १८७७). श्रीमंत, गणिती, वनस्पतींचा नाद असलेला, थोडे दिवस पार्लमेंटातही बसलेला. १८३३ मध्ये इटलीत कोमो सरोवराकाठी चित्र काढायला बसला आणि जमेना. मग डोक्यात आलं, समोरचं दृश्य कागदावर आपोआपच का उमटू नये? लेकॉकला परत येऊन खटाटोप सुरू झाला. लिहायचा चांगला कागद आधी साध्या मिठाच्या पाण्यात बुडवायचा, मग सिल्व्हर नायट्रेट लावायचं, आणि वीतभरही नसलेल्या लाकडी पेटीत घालून उन्हात ठेवायचा. घरभर अशा पेट्या ठेवलेल्या असायच्या, त्यामुळे बायको कॉन्स्टन्स त्यांना उंदरांचे सापळे म्हणायची. ऑगस्ट १८३५ मध्ये दक्षिणेकडच्या दालनातल्या जाळीदार खिडकीचं चित्र कागदावर आलं, उजेड काळा आणि सावली पांढरी असं उलटं. जगातली आज शिल्लक असलेली सगळ्यांत जुनी निगेटिव्ह ती हीच. टपालाच्या मोठ्या तिकिटाएवढी. चित्र नवीन होतं तेव्हा भिंगातून खिडकीच्या सुमारे २०० काचा मोजता येत होत्या, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय.

त्यानंतर हा माणूस गप्प बसला. जानेवारी १८३९ मध्ये पॅरिसहून बातमी आली की दागेर या फ्रेंच माणसाने फोटो काढायची स्वतःची रीत शोधली आहे, तेव्हा कुठे त्याची धावपळ झाली. दागेरचं चित्र जास्त स्वच्छ, पण एक म्हणजे एकच. टॅलबटच्या एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघत. फिल्म रोलचा जमाना संपेपर्यंत जग याच वाटेने गेलं. त्याचे फोटो पाहिले तर गवताची गंजी, शिडी, दाराशी टेकवलेला खराटा, इस्टेटीवरचे कामगार, असे विषय दिसतात. त्याचा नोकर निकोलास हेनेमान हे सगळं शिकून पुढे स्वतः धंदेवाईक फोटोग्राफर झाला.

ती खिडकी आजही तिथेच आहे, समोर उभं राहता येतं. मजा म्हणजे ती काही मठाच्या काळातली नाही, टॅलबटच्याच वेळी घरात फेरफार झाले तेव्हा बसवलेली. आपल्यापर्यंत ही कला पोचायला फार वेळ लागला नाही. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली, आणि भाऊ दाजी लाडांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या हिंदी सभासदांपैकी.

टॅलबटच्या मुलाने लग्न केलं नाही. १९१६ मध्ये इस्टेट भाची मॅटिल्डाकडे आली. तिनेही लग्न केलं नाही. १९४४ मध्ये तिने मठ आणि गाव, दोन्ही नॅशनल ट्रस्टला देऊन टाकलं आणि स्वतः तिथेच राहत राहिली. मठात जपलेली १२२५ च्या मॅग्ना कार्टाची, म्हणजे राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणाऱ्या सनदेची प्रत तिने ब्रिटिश म्युझियमला दिली. आपल्याकडच्या वाड्यांशी तुलना करायचा मोह होतो, पण खरंच होणार नाही. सातबाऱ्यावर चाळीस नावं आणि त्यातली दहा अमेरिकेत, अशा ठिकाणी एक मॅटिल्डा पुरत नाही.

सजवलेपण सुरू होतं ते यानंतर. तारा मुद्दाम नजरेआड केल्या आहेत. दाराचा रंग बदलायचा तरी भाडेकरूला ट्रस्टकडे विचारावं लागतं. जुन्या काळच्या मालिका-सिनेमांची चित्रीकरणं इथे सारखी होतात, तेव्हा डांबरी रस्त्यावर माती पसरतात. तरी हे संग्रहालय नाही. शाळा आहे, बेकरी आहे, लोक राहतात, आणि त्यांच्या अंगणात शिरून फोटो काढणाऱ्यांना वैतागतात.

गावाने जपायचं म्हणजे नेमकं काय, यावर इथे खरं भांडणही झालंय. सेंट सिरियॅक चर्चकडे पंधराव्या शतकातला चांदीचा एक पेला होता. मूळचा मेजवानीत मद्य प्यायचा, पण पुढे शतकानुशतकं चर्चच्या प्रसादविधीत वापरलेला. १९६२ पासून तो ब्रिटिश म्युझियमकडे ठेवायला दिला होता. चर्चला इमारतीसाठी पैसे हवे होते, म्हणून विकायचा ठरला. काही गावकऱ्यांनी विरोध केला, प्रकरण चर्चच्या न्यायालयात गेलं, आणि २०१३ मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि डिव्हायझेसचं विल्टशायर म्युझियम यांनी मिळून तो १३ लाख पौंडांना घेतला. चर्चला हुबेहूब प्रतिकृती मिळाली. मला विचाराल तर विकला ते बरं केलं. चर्चचं छप्पर गळत असताना कपाटबंद पेल्याचा अभिमान काय कामाचा? पण विरोध करणाऱ्यांचंही मला कळतं, तो पेला त्यांच्या आजी-पणजीच्या ओठाला लागलेला होता.

जाणार असाल तर लंडनहून चिपनहॅमपर्यंत रेल्वे आणि पुढे बस. गावात फिरायला तिकीट नाही, मठाला आहे. गाडी गावाबाहेरच्या वाहनतळावरच लावा. आणि मठाच्या दाराशी असलेलं टॅलबटचं फोटोग्राफी संग्रहालय आधी बघा, मग वर खिडकीकडे जा. उलट केलंत तर ती नुसती खिडकीच वाटते.