वाघ नाही दिसला तं पैसे वापस भेटतेत काय?

फेब्रुवारी लागला की आमच्या टपालात जंगलच जंगल असते. कोणाचे पाहुणे मेमध्ये येणार असतेत, कोणाची शाळेची सहल राहून गेलेली असते. या वेळचे चार प्रश्न घेतले.

वरोरा तालुक्यातल्या एक ताई लिहितात: माझ्या नणंदबाई पुण्याहून मे महिन्यात लेकरं घेऊन येणार, ताडोबा दाखवा म्हणतेत. आम्ही जन्मभर इथंच राहिलो पण सफारी कधी केली नाही, वाघ पाहिला तो धुऱ्यावरून पळताना, अन् तेव्हा आम्हीच जास्त पळालो. कोणत्या गेटनं जावं, कधी जावं, अन् एवढा पैसा लावून वाघ नाही दिसला तं पैसे वापस भेटतेत काय?

ताई, शेवटचं आधी सांगतो, नाही भेटत. अन् जो म्हणते "ताई गॅरंटीनं दाखवतो", त्याच्या हाती एक रुपया देऊ नका, वाघ काही त्याच्या घरी बांधलेला नाही. बुकिंग फक्त सरकारी साइटवरूनच करा, ज्या आधारवर बुकिंग केलं तेच ओरिजिनल सोबत ठेवा, नाहीतं गेटवरच वांधे होतेत. ताडोबा मंगळवारी बंद राहते हे नणंदबाईला तिकीट काढायच्या आधीच सांगून ठेवा. कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, 1 जुलै ते 30 सप्टेंबर पूर्ण बंद असते, बफरचे, म्हणजे त्याच्या भोवतालच्या पट्ट्याचे, काही गेट मात्र पावसातही चालू राहतात. कोअरमध्ये मोबाईल नेऊ देत नाहीत, म्हणजे लेकरं तीन-चार तास मोबाईलशिवाय, हा फायदा तिकिटात फुकट आहे.

कोअर म्हणजे मोहर्ली, कोलारा, नवेगाव हे गेट. पण घरचे पाच-सहा जण असाल अन् खिसा सांभाळायचा असेल तं माझं मत बफर, आगरझरी नाहीतं जुनोना, खर्च कोअरपेक्षा कमी येते अन् गाडी चालवणारा, गाईड सगळे बाजूच्याच गावचे असतेत. वाघाला कोअर-बफरची लाइन समजत नाही, तुमच्या धुऱ्यावर आला त्यावरून तुम्हाला ठाऊकच आहे. शनिवार-रविवार टाळा, मधल्या वारी गाड्यांची गर्दी कमी असते.

मेमध्ये वाघ जास्त दिसते हे खरं, कारण नाल्यातलं पाणी आटते अन् सगळे पाणवठ्यावर येतेत, पानंही झडलेली असतात म्हणून दूरवर नजर जाते. पण चंद्रपूरचा मे तुम्हाला सांगायला नको, पारा 45 च्या वर जाते. लेकरं आहेत तं सकाळचीच फेरी घ्या, पाणी, ओला दुपट्टा, अन् लालभडक कपडे नको.

आता एक माझं सांगतो. दोन वर्षांआधी अशाच उन्हाळ्यात एका बोडीजवळ, म्हणजे लहान तळ्याजवळ, आमची जिप्सी थांबली, समोर सांबराची मादी, शेपूट उभं, कान एकाच बाजूला वळलेले, पुढचा पाय जमिनीवर आपटत होती. मग "ढाँक" असा आवाज काढला, गाईडनं ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला अन् इंजिन बंद. म्हणे चितळ कुत्र्यालाही घाबरून ओरडते, वानर कधी कधी उगाच बोंबलते, पण सांबर असं लागोपाठ ओरडलं तं समजा जनावर तिथंच आहे. पंचवीस मिनिटं आम्ही श्वास धरून बसलो. वाघ आला नाही! निघताना गाईडनं एका झाडाच्या बुंध्यावरचे नखांचे ओरखडे दाखवले, माझ्या डोक्याच्याही वर होते अन् डिंक अजून ओला. घरी येऊन मी वाघ दिसला नाही हे सांगायचंच विसरलो, तो ओला डिंकच सांगत बसलो.

अन् नणंदबाईच्या लेकरांना ताडोबा नावाची गोष्ट सांगा. तारू नावाचा गोंडांचा गावप्रमुख होता, तो वाघाशी लढताना मेला अन् देव झाला असं मानतात, तलावाकाठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे, पौषात आदिवासी दर्शनाला येतात. 1955 चं राष्ट्रीय उद्यान हे, राज्यातलं सर्वात जुनं, पण तारूचं ठाणं त्याच्याही किती आधीचं.

साकोलीकडचे एक गुरुजी: जिल्हा परिषदेच्या शाळेचे चाळीस पोट्टे आहेत, बजेट एका एसटीचं. वाघ वगैरे परवडत नाही, पक्षी दाखवायला कुठे न्यावं?

गुरुजी, गोंदिया जिल्ह्यातला नवेगावबांध तलाव. पण घाई करा, नाहीतं सरळ डिसेंबरवर ढकला, कारण उत्तरेकडून आलेले बदकं-हंस फेब्रुवारी सरता सरता परतीला लागतात. मार्चमध्ये नेलं तं पोट्टे पाणी पाहून येतील. तिथं जिप्सीची गरज नाही, तलावाच्या पाळीवर सकाळी सातला उभं राहिलं की झालं. चक्रवाक नारिंगी रंगाचे असतेत, जोडीनं फिरतात, लेकरांना दुरून ओळखता येतात. पट्टकादंबाच्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात, हा पक्षी हिमालय ओलांडून येते, भूगोलाचा एक तास तिथंच होऊन जाईल. चाळीस पोट्ट्यांत एक दुर्बीण असली तरी पुरे, पण रांग लावा, नाहीतं दुर्बिणीवरच भांडण.

तलाव कोहळी लोकांनी बांधलेला हेही सांगा, कारण तुमच्या वर्गात दोन-चार पोट्टे कोहळ्यांचेच असतील, त्यांना वाटलं पाहिजे की हे आपल्या आज्या-पणज्यांचं काम आहे. पूर्व विदर्भातले हे जुने तलाव नसते तं पक्षी उतरले कुठं असते?

आणखी एक, यात खर्च शून्य. सारस. जवळपास माणसाएवढा उंच, राखाडी अंग, लाल डोकं, नेहमी जोडीनं. आख्ख्या महाराष्ट्रात आता पन्नासही उरले नाहीत, जे आहेत ते मुख्यत्वे गोंदियात अन् तुमच्या भंडाऱ्यात. घरटं धानाच्या बांधीतही करते, पावसाळ्यात. कोण्या पोट्ट्याच्या बापाच्या बांधीत घरटं दिसलं तं गर्दी करू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका, वनविभागाला कळवा. शेतकऱ्यानं तेवढा तुकडा सोडून रोवणी केली तरच पिल्लं निघतात.

पांढरकवड्याचे एक दादा: आमचं टिपेश्वर छोटंसं, लोक विचारतही नाहीत. यात पाहण्यासारखं आहे काय?

दादा, कोण म्हणते विचारत नाहीत, सुट्टीच्या दिवशी गेटवर जाऊन पाहा. अभयारण्य 148 चौरस किलोमीटरचं, वाघ वाढले अन् जागा पुरेना. तिथलाच एक जवान वाघ 2019 मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला, शेतं, नाले, रस्ते, तेलंगणात एक चक्कर, असं फिरत फिरत बुलडाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. पुढे हिशेब लावला तं चाल सुमारे 3000 किलोमीटर भरली. त्याचं नाव पडलं वॉकर. म्हणून पराटीत, म्हणजे कपाशीत, रात्री पाणी ओलायला जाताना एकटे जाऊ नका, मोबाईलवर गाणं लावा, हे सफारीपेक्षा कामाचं सांगतो.

हिंगणघाटची एक वाचक: बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसतात म्हणे. मी अन् मैत्रीण जाऊ शकतो काय? घरचे म्हणतेत बाईमाणसाचं काम नाही.

ताई, बिनधास्त जा, दरवर्षी कितीतरी बाया बसतात. वनविभागाचा निसर्गानुभव असते, प्रकल्पवाले आधी जाहीर करतात, फी असते, जागा थोड्या असतात म्हणून एप्रिल लागला की साइटवर डोळा ठेवा. दुपारी गाडीनं पाणवठ्याजवळच्या मचाणावर सोडतात, सोबत गाईड असते, दुसऱ्या दिवशी सकाळी नेतात. मधात खाली उतरायचं नाही. लघवीची अडचण खरी आहे, कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो, सोय काय आहे ते आधीच विचारून घ्या अन् संध्याकाळनंतर पाणी घोट घोट प्या, बंद करू नका. सेंट, पावडर नको. डब्यात कांदा-लसणाचं नको, पोळी अन् शेंगदाण्याचे लाडू बरे. कागद देतात, त्यावर वेळ, प्राणी, किती, नर का मादी ते लिहायचं. या कागदावरून वाघांची शिरगणती होत नाही हं, ती कॅमेरा ट्रॅपमध्ये, म्हणजे जंगलात लावलेल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात, दिसलेल्या वाघाच्या पट्ट्यांवरून होते. 2022 च्या गणनेत महाराष्ट्राचे 444 निघाले ते तसेच.

मग रात्री आहे काय? पौर्णिमेला पाणी चांदीच्या ताटासारखं दिसते. रानडुकरांचं कुटुंब रांगेनं येते, खळखळ पितात, एकमेकाला ढुसण्या मारतात. रातवा पक्षी एकसारखा चकचक करत राहते. अस्वल आलं तं आधी फूसफूस ऐकू येते, मग काळा ढीग चालताना दिसते. रात्री अडीचच्या सुमारास झोप अनावर होते, तेव्हाच काहीतरी येऊन पाणी पिऊन जाते. आम्हाला सकाळी चिखलात बिबट्याचे पंजे दिसले, अन् तिघांच्याही कागदावर त्या तासाची जागा कोरी होती. म्हणून दोघी आहात तं पाळी लावून झोपा.