आलू म्हणा की बटाटा, दोन्ही उसनेच

एका दादानं विचारलंय, पोरीनं भाज्यांच्या नावात "आलू" लिहिलं तं मॅडमनं लाल पेनानं खोडून "बटाटा" केलं, मंग आलू काय मराठी नाही? दादा, मॅडमवर रागावू नका, पण खोडायचं काही कारण नव्हतं.

गंमत अशी आहे की बटाटा हा शब्द मुळात बटाट्याचा नाहीच, रताळ्याचा आहे. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक रताळ्याला बटाटा म्हणत, तो शब्द स्पॅनिश-पोर्तुगीज लोकांनी उचलला आन् पुढं दक्षिण अमेरिकेच्या डोंगरातला दुसराच कंद सापडला तं पोर्तुगीजांनी त्यालेही तेच नाव चिकटवून दिलं. 1510 पासून गोवा त्यांच्या हातात, मंग चौल, वसई, म्हणजे जहाजं लागत पश्चिम किनाऱ्याला, म्हणून कोकण, पुणे, पार गुजरातपर्यंत बटाट्याचंच नाव. आपल्या विदर्भाले शेजार पडला हिंदी मुलखाचा, म्हणून आपण आलू म्हणतो असं मला वाटते. आता आलू तरी कुठं बटाट्याचा? संस्कृतात आलु म्हणजे खायचा कंद, रताळूतला "आळू" तोच. म्हणजे दोन्ही नावं दुसऱ्याच कंदाची, बटाट्याचं स्वतःचं असं काहीच नाही बिचाऱ्याचं.

मिरचीचंही तसंच. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला आला तो मिऱ्यांसाठी, आन् अमेरिकेतली मिरची इकडं आणली पोर्तुगीजांनीच, तिखट लागते म्हणून मिऱ्याचंच नाव लावलं आपण. भिवापुरी मिरचीचा ठसका आपल्याले लय जुना वाटते ना, पण पोर्तुगीज यायच्या आधी इथं कोणी मिरची पाहिलीच नव्हती.

आन् समुद्र आपल्यापासून शेकडो कोस लांब म्हणून शब्द अडत नाहीत. मागच्या उन्हाळ्यात आमच्या घराचा स्लॅब पडला तेव्हा माय ओरडून सांगे, "मिस्त्री, घमेला तिथंच ठेव, चाबी घेऊन जाय, पगार बाजाराच्या दिवशी देतो." या एका वाक्यात चार शब्द पोर्तुगीज! मिस्त्री म्हणजे त्यांचा मेस्त्रे, उस्ताद. घमेला म्हणजे गमेला, पण तो लाकडी कठवतीसारखा, आपण लोखंडाचा केला. चाबी त्यांची शावे, पुण्याकडं चावी झाली. पगार तं त्यांच्यात नाम नाहीच, "पैसे चुकते करणे" असं क्रियापद आहे, आपण त्याचं नाम करून महिन्याच्या एक तारखेले बांधून टाकलं. सालदाराच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याच्या, मजुरीले मात्र कोणी पगार म्हणे नाही, ते साल म्हणजे सालच, अर्धं ज्वारीत.

तं पोरीले सांगा, वहीत "आलू (बटाटा)" असं लिही. आन् मॅडम कधी आपल्या गावच्या बसस्टँडवर उतरल्या तं हॉटेलवाल्याले बटाटावडा मागून पाहावं, प्लेटमध्ये आलूबोंडाच येईल.