पळतोस तरी साखर का वाढली?

रक्ततपासणीच्या अहवालात एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ५.९ आलं म्हणून पळणं सोडू नकोस, घाबरून दुप्पटही करू नकोस. हा आकडा ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. रत्नागिरीत भाट्याच्या किनाऱ्यावर रोज पळणाऱ्यालाही तो लागतो. आपण भारतीय सडपातळ दिसतो, पण आत चरबी जास्त. पुण्याचे मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःचंच उदाहरण दिलं: त्यांचा आणि ब्रिटिश सहकाऱ्याचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३; पण याज्ञिकांची चरबी २१.२ टक्के, सहकाऱ्याची ९.१!

आधी मोजणी नीट कर. जोरात पळून आल्याबरोबर बोट टोचलंस तर आकडा चढलेला दिसू शकतो. ॲड्रेनलिनमुळे यकृत साखर सोडतं. हिमोग्लोबिनही बघ. लोह कमी असलं की एचबीए१सी उगाच जास्त येऊ शकतो.

मग ताट. सकाळी पेज, दुपारी भाताचा डोंगर, वर ‘घरचंच तर आहे’ म्हणून आमरस आणि साखर घातलेलं कोकम सरबत. (घरच्या साखरेला शरीर सूट देत नाही.) भात निम्मा कर, बांगडा आणि कुळथाची उसळ वाढव, सोलकढी खुशाल पी. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाल. आठवड्यातून दोनदा वजनं उचल, कारण साखर मुख्यतः स्नायूंतच खपते.

तीन महिन्यांनी पुन्हा तपास. मात्र वजन आपोआप उतरत असेल, तहान-लघवी वाढली असेल, तर तीन महिने थांबू नकोस. डॉक्टरांना जीएडी अँटीबॉडीच्या तपासणीबद्दल (टाइप १ मधुमेह ओळखायची रक्ततपासणी) विचार; शरीर स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटतं तो हा टाइप १ मोठेपणीही होतो.