मेकॅनिकल इंजिनिअरिंगमध्ये नेमकं काय शिकवतात आणि पुढे कोणती कामं मिळतात?

पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र आणि ड्रॉइंग. खरा कस लागतो तो पुढे: थर्मोडायनॅमिक्स (उष्णता आणि ऊर्जा), फ्लुइड मेकॅनिक्स (द्रव आणि वायूंचं वागणं), स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स (कोणता भाग किती भार पेलतो) आणि मशीन डिझाइन.

ड्रॉइंग मात्र हलक्यात घेऊ नका. २५ मिमी व्यासाच्या भोकापुढे 'एच७' ही मापात किती फरक चालेल ते सांगणारी खूण लिहिली, की भोक जास्तीत जास्त ०.०२१ मिमी मोठं चालतं, लहान अजिबात नाही. ही खूण लिहिणारा डिझाइनमध्ये असतो, ते भोक पाडणारा प्रॉडक्शनमध्ये आणि मोजून पास करणारा क्वालिटीत. तिन्ही नोकऱ्या याच पदवीवर मिळतात! मेंटेनन्स, एअर कंडिशनिंग, वीजनिर्मिती, वाहन आणि विमान उद्योग हे वेगळेच. रोबोटिक्सकडे ओढा असेल तर कंट्रोल सिस्टिम्स (यंत्राचं नियंत्रण) आणि प्रोग्रॅमिंग मनापासून शिका.

कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायचं सॉफ्टवेअर, येतं म्हणजे डिझाइन येतं, असं नव्हे. शाफ्टचा, म्हणजे यंत्रातल्या फिरत्या दांड्याचा, व्यास जिथे बदलतो त्या पायरीचा कोपरा टोकदार ठेवला तर ताण तिथेच एकवटतो आणि फिरता फिरता तडा जातो. तिथे गोलाई द्यायची हे सॉफ्टवेअर आपणहून सांगत नाही. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, वर्कशॉपचे तास बुडवू नका आणि इंटर्नशिप शक्यतो शॉप फ्लोअरवरच, म्हणजे कारखान्यात प्रत्यक्ष यंत्रं चालतात तिथेच, करा.