दमदार जुनी गाडी घेताना
बजेट तीस लाखांचे असले, तरी सगळी रक्कम गाडीतच घालू नका. टायर, ब्रेक आणि पहिल्या मोठ्या सर्व्हिसिंगसाठी चार-पाच लाख बाजूला ठेवा. २०१७ साली आलेली स्कोडाची ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० मला आजही मनापासून आवडते, मात्र तिच्या सहा गिअरच्या डीएसजीचे, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे, तेल दर ६०,००० किलोमीटरला बदलल्याच्या पावत्या पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. गाडी पाहायला गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा, कारण मुद्दाम तापवून ठेवलेले इंजिन थंड असतानाची खडखड लपवते. टायरवर '२३१९' दिसले, तर तो २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला समजावा. साताऱ्यातच असाल, तर यवतेश्वरचा घाट चढून उतरा. उतारावर ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरले, तर डिस्क तपासून घ्या.