पॅकेजचे साडेपाच लाख आत्ताच भरू नका

सांगलीच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचं वय ३२, यजमानांचं ३६, लग्नाला सहा वर्षं झाली. यजमान कुपवाड एमआयडीसीत सुपरवायझर आहेत, ताई खासगी शाळेत शिकवतात. दोघांचे मिळून महिन्याला ७८ हजार हातात येतात. घराच्या कर्जाचा हप्ता धरून ६० हजार खर्च होतात. बँकेत ४ लाख २० हजारांच्या ठेवी, म्युच्युअल फंडात २ लाख ८० हजार, शिवाय दहा-बारा तोळे सोनं. यजमानांच्या वीर्यतपासणीत दोन्ही वेळा शुक्राणू शून्य आले आणि शुक्राणूंच्या निर्मितीला चालना देणारं एफएसएच हे संप्रेरक १९ निघालं. एका सेंटरनं शुक्राणू काढण्याची शस्त्रक्रिया आणि इक्सीची, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचाराची, तीन चक्रं असं साडेपाच लाखांचं पॅकेज दिलंय. महिनाअखेरपर्यंत पूर्ण पैसे भरले तर ५० हजार सूट. सासूबाई म्हणतात, आधी स्वस्तातलं आययूआय करून बघा. यजमान वाट्याची वीस गुंठे जमीन विकायच्या विचारात आहेत आणि एक नातेवाईक शेकडा दोन रुपये व्याजानं पैसे द्यायला तयार आहेत. ताई विचारतात, ठेव मोडू, कर्ज काढू की जमीन विकू?

ताई, तिन्हींपैकी काहीही करण्याआधी या खर्चाचे तुकडे करा. तुम्हाला एक आकडा सांगितला गेलाय म्हणून तुम्ही एकच आकडा उभा करायला निघाला आहात. पण या उपचारात प्रत्येक पायरीचा निकाल पुढची पायरी चढायची की नाही हे ठरवतो, आणि पैसेही त्याच क्रमानं बाहेर पडले पाहिजेत.

आययूआयचा विषय आधी मिटवू. त्यात वीर्य धुऊन त्यातले चांगले हलणारे शुक्राणू नळीनं गर्भाशयात सोडतात. एका वेळचा खर्च बहुतेक ठिकाणी १० ते २० हजार येतो, म्हणून तो घरच्यांना पहिला सुचतो. पण त्याला लाखांनी शुक्राणू लागतात. यजमानांच्या नमुन्यात ते नाहीतच, आणि शस्त्रक्रियेनं काढलेले शुक्राणू इतके थोडे व अशक्त असतात की ते आययूआयला चालत नाहीत. एकेक शुक्राणू सुईनं एकेका स्त्रीबीजात सोडावा लागतो, तीच इक्सी. १९९२ मध्ये बेल्जियममधून या पद्धतीनं झालेल्या पहिल्या गर्भधारणांची नोंद प्रसिद्ध झाली. त्याआधी अशा बहुतेक जोडप्यांपुढे दत्तक किंवा दात्याचं वीर्य एवढेच मार्ग होते. सासूबाईंना हे प्रेमानं सांगा. त्यांच्या मनात काटकसर आहे, पण इथे ते पैसे वाया जातील.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शुक्राणू शून्य येण्याची कारणं दोन प्रकारची असतात. एक, शुक्राणू तयार होतात पण वाट बंद आहे. अशा वेळी साध्या सुईनं, म्हणजे पेसा किंवा टेसानं, ते जवळजवळ नेहमी मिळतात आणि खर्चही आवाक्यात राहतो. दुसरं, वृषणात निर्मितीच नीट होत नाही. तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातल्या नलिका शोधत जाणारी मायक्रो-टेसे करावी लागते, आणि तीही साधारण निम्म्या पुरुषांतच यशस्वी होते. एफएसएच १९ म्हणजे वाढलेलं आहे, त्यामुळे यजमानांचं कारण दुसऱ्या प्रकारचं असण्याची शक्यता जास्त. निदान मात्र डॉक्टरांनीच करायचं, आणि ते पुरुष वंध्यत्वात काम करणाऱ्या मूत्ररोगतज्ज्ञाकडून करून घ्या. तुमच्या पत्रात अशा डॉक्टरांचा उल्लेखच नाही, याची मला काळजी वाटली.

त्यांच्याकडे जाल तेव्हा गुणसूत्रांची आणि वाय गुणसूत्रातल्या तुटीची रक्ततपासणी झाली आहे का, हे विचारा. खर्च काही हजारांचा. वाय गुणसूत्राचा एझेडएफ-ए किंवा एझेडएफ-बी हा भाग पूर्ण गळालेला असेल, तर शस्त्रक्रियेत शुक्राणू मिळण्याची आशा जवळजवळ नसते. मग लाख-सव्वा लाख आणि यजमानांच्या शरीरावरची कापाकापी दोन्ही वाचतात. एझेडएफ-सी गळालेला असेल तर आशा असते, पण मुलगा झाला तर तोच दोष त्याच्याकडे जातो, म्हणून जनुकीय समुपदेशकांशी बोलून घ्या. आणखी एक गोष्ट, यजमानांनी कधी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं किंवा जिममधली स्टेरॉइड्स घेतली असतील तर ती न लाजता सांगायला सांगा. त्यानंही शुक्राणू शून्यावर येतात, आणि ती बंद केल्यावर अनेकांचे परत येतात. (तेव्हा एफएसएच बहुधा कमी असतं, तुमच्याकडे ते जास्त आहे; तरी विचारायला पैसे पडत नाहीत.)

आता पॅकेजचा हिशोब मांडू. शुक्राणू मिळण्याची शक्यता निम्मी धरली आणि मिळाल्यानंतर एका इक्सी चक्रात मूल घरी येण्याची शक्यता तीनात एक धरली, तर आज पहिल्या चक्रासाठी तुम्ही सहात एक या शक्यतेवर पैसे लावत आहात. प्रयत्न करू नका असं मी म्हणत नाही. पण शुक्राणू मिळालेच नाहीत तर तिन्ही चक्रांचे पैसे परत मिळणार का, हे लेखी नसेल तर ५० हजारांची सूट तुम्हाला फार महाग पडेल. स्त्रीबीजं वाढवण्यासाठी तुम्हाला द्यायची इंजेक्शनं, गर्भ गोठवणं, गोठवलेला गर्भ नंतर सोडण्याचा खर्च, भूलतज्ज्ञांची फी पॅकेजमध्ये धरली आहे का, तेही विचारा. नुसती इंजेक्शनंच एका चक्रात ४०-६० हजारांवर जाऊ शकतात.

म्हणून माझा क्रम असा. तपासण्यांसाठी २० हजार बाजूला काढा. त्या आशादायक निघाल्या तर शस्त्रक्रिया आणि मिळालेले शुक्राणू गोठवणं यासाठी प्रवासासह सव्वा ते दीड लाख. मायक्रो-टेसेत हात बसलेले डॉक्टर पुण्या-मुंबईत शोधावे लागतील. शुक्राणू हाती आल्यानंतरच तुमची इंजेक्शनं सुरू करता येतील का, हे विचारा. काही डॉक्टर दोन्ही एकाच वेळी करायला सांगतात, कारण अगदी थोडे शुक्राणू असतील तर गोठवताना काही नष्ट होतात. हा वैद्यकीय निर्णय आहे, पण दोन्ही एकाच वेळी केलं आणि शुक्राणू मिळाले नाहीत, तर तुमच्या इंजेक्शनांचे पैसे आणि तुम्ही सोसलेला त्रास दोन्ही जातात, म्हणून त्यांना याबद्दल स्पष्ट विचारा. त्यानंतर एका इक्सी चक्राला इंजेक्शनं धरून सव्वादोन लाख. म्हणजे एक पूर्ण प्रयत्न जेमतेम चार लाखांत बसतो.

तुमच्याकडे सात लाख आहेत. त्यातले अडीच लाख ठेवीतच राहू द्या, त्यांना हात लावायचा नाही. यजमानांची नोकरी अडखळली तर घराचा हप्ता थांबत नाही. शिवाय दिवस राहिले तर बाळंतपणाचा, जुळं किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर नवजात अतिदक्षता विभागाचा खर्चही येतो. उरलेले साडेचार लाख ही तुमची मर्यादा. आधी ठेवीतले १ लाख ७० हजार वापरा, मुदतीआधी मोडल्याचा दंड अर्धा-एक टक्का असतो, मग फंड. एसआयपी वर्षभर थांबवलीत तरी चालेल, आयुर्विम्याचा हप्ता मात्र चुकवू नका. दुसऱ्या चक्राची वेळ आलीच, तर दरमहा उरणारे १८ हजार आणि बँकेचं सोनेतारण कर्ज यांतून ते उभं राहील.

शेकडा दोन म्हणजे महिन्याला दोन टक्के, वर्षाला २४. नातेवाईकांना नम्रपणे नको म्हणा. जमीनही विकू नका. घाईतल्या विक्रीत भाव पडतो आणि भावकीत ते कारण वर्षानुवर्षं निघत राहतं.

आरोग्य विम्यावर विसंबू नका. विमा नियामकानं ठरवलेल्या प्रमाणित अपवादांत वंध्यत्वावरचे उपचार आहेत, त्यामुळे बहुतेक पॉलिसी ते देत नाहीत; तरी यजमानांच्या कंपनीच्या गट विम्यात काही आहे का, हे एचआरला विचारा. ठरावीक गंभीर आजारांच्या खर्चावरची आयकर सवलतही यावर मिळत नाही. बिलात उपचारावर जीएसटी लावला असेल तर हरकत घ्या, आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भ तयार करण्याचा उपचार, इक्सी त्यातलाच प्रकार) आरोग्यसेवेत मोडतं आणि करमुक्त आहे असं ऑगस्ट २०२२ च्या केंद्रीय परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. सेंटरची २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याखालची नोंदणीही डोळ्यांनी पाहा.

तुमचं वय ३२ आहे. दोन महिने तपासण्यांत गेले तर बिघडत नाही, पण पैसे साठवायला तीन वर्षं थांबू नका. स्त्रीबीजांसाठी पस्तिशीनंतरचा काळ उताराचा असतो. स्त्रीबीजांचा साठा दाखवणारी तुमची एएमएच तपासणीही याच दोन महिन्यांत करून घ्या.

एक गोष्ट पैशांपलीकडची, पण पैशांवर थेट परिणाम करणारी. शस्त्रक्रियेच्या दिवशी अनेक ठिकाणी विचारतात, शुक्राणू नाहीच मिळाले तर दात्याचे वापरायचे का? त्या दिवशी भुकेल्या, घाबरलेल्या अवस्थेत हे ठरवू नका. दात्याचं वीर्य फक्त नोंदणीकृत बँकेतून मिळतं, एका दात्याचं एकाच जोडप्याला द्यायचं असं कायदा सांगतो, आणि जन्मलेलं मूल कायद्यानं तुमचंच असतं. त्या मार्गानं मग आययूआयही करता येतं आणि खर्च हजारांत येतो. काहींना हे मान्य होतं, काहींना नाही. काही जण दत्तकाकडे वळतात. यांत चूक-बरोबर ठरवायला मी कोणी नाही. फक्त यजमानांना घेऊन, घरातली बाकी माणसं नसताना, एका संध्याकाळी शांतपणे बसा आणि दोघांचं उत्तर कागदावर लिहून ठेवा. त्याच कागदावर साडेचार लाखांचा आकडाही लिहा.